कुडा एक, नावे अनेक. नाव एक, कुडे चार

पावसाच्या तोंडावर ठाण्यातल्या जांभळी नाक्याच्या बाजारात शेवळे आणि कोवळी करटोली येऊ लागली की त्यांच्या शेजारी कधीकधी पांढऱ्या, नाजूक फुलांचे लहान लहान वाटेही मांडलेले दिसतात. येऊरच्या पाड्यावरून आलेल्या मावशींना मी नाव विचारले, तर त्या म्हणाल्या, "कुड्याची फुलं. कडू असतात, उकळून पाणी फेकून द्या." वाटा घेऊन घरी आलो आणि सोसायटीच्या फाटकापाशीच त्या फुलांचे पुन्हा बारसे सुरू झाले. केरळच्या शेजारीणबाई त्यांना कुटकप्पाला म्हणाल्या, बंगाली गृहस्थांनी कुरची म्हटले, गुजराती आजींनी फुलांकडे पाहून "हा तर इंद्रजव" असा निर्वाळा दिला, आणि हिंदी बोलणारा आमचा पहारेकरी कुडा हे नाव ऐकून हसू लागला, कारण त्याच्या भाषेत कूडा म्हणजे केरकचरा.

एवढ्यावर भागले असते तर नावांची गंमत म्हणून सोडून देता आले असते. पण दोन वर्षांपूर्वी मी एका रोपवाटिकेतून "कुडा, औषधी" अशी चिठ्ठी लावलेली कुंडी आणली होती. ते रोप गुडघ्याएवढेच राहिले, त्याची पाने लहान व तकतकीत होती आणि त्याला बाराही महिने फुले येत. बाजारातल्या फुलांशी ती ताडून पाहिली, तेव्हा दोहोंत पांढरा रंग आणि पाच पाकळ्या एवढेच साम्य निघाले. म्हणजे एका झाडाला चार नावे होती, आणि त्यांपैकी एक नाव भलत्याच झाडाला चिकटलेले होते. दरवर्षी रानभाजी महोत्सवांच्या दिवसांत हा घोळ अनेकांच्या वाट्याला येतो, म्हणून कुड्याच्या निमित्ताने तो उलगडून पाहू.

मुळात कुडा म्हणजे कोणते झाड?

बाजारात फुले येतात तो पांढरा कुडा हा पानझडी रानातला लहान वृक्ष आहे. येऊरच्या उतारांवर, पारसिकच्या डोंगरात आणि खारघरच्या टेकड्यांवर फिरणाऱ्यांनी तो अनेकदा पाहिलेला असतो, पण त्याला नावाने ओळखलेले नसते. हिवाळा सरताना त्याची पाने गळतात, उन्हाळ्यात नवी पालवी फुटते आणि मे-जूनमध्ये फांद्यांच्या टोकांना सुवासिक पांढऱ्या फुलांचे गुच्छ येतात. आषाढाचा आणि या फुलांचा संबंध इतका जुना आहे की कालिदासाच्या 'मेघदूता'तील यक्ष रामगिरीवर ढगाला अर्घ्य देतो तेही ताज्या कुटजपुष्पांचेच. कुटज म्हणजे आपला कुडा.

त्याचे घराणे मात्र आपल्या चांगल्या ओळखीचे आहे. कण्हेर, तगर, चाफा, सदाफुली, करवंद आणि ऑक्टोबरात ज्याच्या उग्र वासाने ठाणे-नवी मुंबईचे रस्ते भरून जातात तो सातवीण, हे सगळे याच करवीर कुलातले. पान किंवा देठ तोडल्यावर निघणारा चीक ही त्या कुलाची खूण होय. करवंदे तोडताना ज्याची बोटे चिकट झाली आहेत त्याला ती समजावून सांगायला नको. पण ही खूण आडनावासारखी आहे. आडनावावरून घर कळते, घरातली व्यक्ती कळत नाही.

इतकी नावे आली कोठून?

वेगवेगळ्या भाषांतील नावे वरवर परस्परांशी संबंध नसल्यासारखी वाटतात, पण थोडी सोलून पाहिली की त्यांच्यात तीन धागे सापडतात.

पहिला धागा कुटज या शब्दाचा आहे. परंपरेने त्याचा अर्थ कूटावर, म्हणजे शिखरावर जन्मलेला असा सांगतात. त्यातून कुडा कसा झाला हे मराठी माणसाला स्वतःच्या भाषेवरून ताडून पाहता येईल. प्राकृतातून येताना दोन स्वरांमधल्या ट चा ड झाला, जसा घट चा घडा आणि वट चा वड झाला, आणि दोन स्वरांमधला ज गळून पडला, जसा बीज मधून गळून बी उरले किंवा राजकुल मधून गळून राऊळ उरले. बंगालीतल्या कुरचीत तोच शब्द वेगळ्या वळणाने आला. कन्नडमधील कोडसिगे, तेलुगूतील कोडिशपाल, तमिळमधील कुडसप्पालै आणि मल्याळममधील कुटकप्पाला यांतही कुड-कोड हा तुकडा स्पष्ट ऐकू येतो. (कारवीच्या काठ्यांचा कूड, म्हणजे जुन्या घरांची कुडाची भिंत, हा शब्द वेगळा आहे; कुड्याच्या झाडाशी त्याची गल्लत करू नये.)

दुसरा धागा दुधाचा. दक्षिणेकडच्या नावांच्या शेवटी येणारा पाल किंवा पालै म्हणजे दूध. कन्नडमध्ये शब्दारंभीच्या प चा ह होतो, म्हणून तेथे दूध म्हणजे हालु आणि चिकाचे झाड म्हणजे हाले. हिंदीतले दुधी हे नावही याच विचारातून आलेले आहे. पण दुधाळ झाडे असंख्य आहेत. मल्याळममध्ये सातवीणसुद्धा पालाच आहे. त्यामुळे कोणी नुसते पाला किंवा दुधी म्हटले, तर त्याने फक्त कुल सांगितले असे समजावे.

तिसरा धागा बियांचा. कुड्याचे बी लांबट, जवाच्या दाण्यासारखे असते, म्हणून इंद्रयव किंवा इंद्रजव. काष्ठौषधींच्या दुकानात हेच नाव चालते. थोडक्यात, कुडा हे झाडाचे नाव, पाल हे त्याच्या चिकाचे आणि इंद्रजव हे त्याच्या बीचे. आमच्या फाटकापाशी जमलेली माणसे एकमेकांचे खोडून काढत नव्हती, ती झाडाच्या वेगवेगळ्या भागांना हाक मारत होती.

मग घोटाळा नेमका कोठे होतो?

एका झाडाला अनेक नावे असण्याने फारसे बिघडत नाही. अनेक झाडांना एक नाव असले की बिघडते, आणि मराठीत कुडा म्हणवणारी झाडे निदान चार आहेत: पांढरा कुडा, काळा कुडा, तांबडा कुडा आणि नागलकुडा. चौघांनाही चीक आहे, चौघांची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि चौघेही सह्याद्रीच्या आसपासच्या रानांत सापडतात.

रंगावरून ओळखावे, तर तेथेच पाय घसरतो, कारण काळ्या कुड्याची फुले पांढरीच असतात. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे संस्कृत नावांच्या याद्यांमध्ये या काळ्या कुड्याला श्वेतकुटज म्हटलेले आढळते. शिवाय नागलकुड्यालाही काही ठिकाणी पांढरा कुडा म्हणतात. या गोंधळाची दखल आपल्या पूर्वसूरींनी घेतलेली आहे. चरकसंहितेत कुटजाचे पुरुष आणि स्त्री असे दोन प्रकार सांगितले आहेत: मोठी फळे, पांढरी फुले आणि गुळगुळीत पाने असलेला तो पुरुष, तांबूस फुले आणि बारीक फळे-देठ असलेली ती स्त्री. येथे पुरुष आणि स्त्री यांचा वनस्पतीच्या लिंगाशी काही संबंध नाही. ही दोन वेगळ्या झाडांना दिलेली नावे असावीत, असेच ते वर्णन वाचून वाटते.

चार कुडे वेगळे कसे ओळखायचे?

फोटो काढताना आपण फूल समोरून टिपतो आणि समाधान मानतो. खरे पाहायचे असते ते फुलाच्या घशात. पांढऱ्या कुड्याच्या फुलात पाच पाकळ्या एका अरुंद नळीवर टेकलेल्या असतात, नळीचे तोंड मोकळे असते आणि पुंकेसर आत तळाशी दडलेले असतात, म्हणून मध्यभागी काहीच उभे दिसत नाही. काळ्या कुड्याच्या फुलात याच जागी पांढऱ्या तंतूंची झालर असते आणि तिच्या मधून पुंकेसरांचा निमुळता सुळका बाहेर डोकावतो. एकदा भिंग लावून ही दोन फुले शेजारी शेजारी पाहिली की पुन्हा फसगत होत नाही. तांबड्या कुड्यालाही झालर आणि सुळका असतो, पण त्याची फुले पिवळसर ते नारिंगी छटांची होतात आणि पाने बोटांना मखमलीसारखी लवदार लागतात. नागलकुड्याचे फूल तगरीच्या चक्रासारखे पिळदार असते, तो तगरीचा सख्खा नातेवाईकच आहे.

फुलांचा हंगाम सरला तरी शेंगा ओळख देतात. (वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या वालपापडीसारख्या शेंगा नव्हेत, पण बोलीत त्यांना शेंगाच म्हणतात आणि आपणही तसेच म्हणू.) पांढऱ्या कुड्याच्या शेंगा पेन्सिलीसारख्या बारीक, वीतभर किंवा त्याहून लांब आणि जोडीने लोंबणाऱ्या, पण एकमेकींपासून सुट्या असतात. काळ्या कुड्याच्या दोन शेंगा कोवळेपणी टोकाशी जुळलेल्या राहतात, त्यामुळे झाडाला लांबलचक चिमटे टांगल्याचा भास होतो. तांबड्या कुड्याच्या दोन्ही शेंगा पूर्ण जुळून एकच जाड, पांढऱ्या खरखरीत ठिपक्यांची दांडी तयार होते. नागलकुड्याची फळे अगदी निराळी, आखूड, बाकदार आणि पिकल्यावर पिवळी-केशरी असतात.

माझी आवडती खूण मात्र बीची आहे. लहानपणी रुईच्या उडणाऱ्या बियांमागे धावताना आपण त्यांना म्हातारी म्हणायचो. नागलकुडा सोडला तर उरलेल्या तिन्ही कुड्यांच्या बिया तशाच म्हाताऱ्या असतात. फरक एवढाच की पांढऱ्या कुड्याच्या बीचा रेशमी झुपका शेंगेच्या टोकाच्या दिशेला असतो, तर काळ्या आणि तांबड्या कुड्याच्या बीचा झुपका उलट, शेंगेच्या देठाच्या दिशेला. वाळून उकललेली शेंग हातात घेतली आणि झुपके कोणत्या बाजूला आहेत एवढे पाहिले की निकाल लागतो. नागलकुड्याच्या बीला झुपका नसतोच, ती तांबूस गरात बसलेली असते.

एक सूचना येथेच देऊन ठेवतो. येऊरचे रान संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते आणि राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय झाडाचा कोणताही भाग नेणे कायद्याने मना आहे. तेथे डोळे आणि कॅमेरा पुरेत. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये. चव घेऊन ओळखण्याच्या फंदात तर मुळीच पडू नये, कारण ज्या कुलात करवंद आहे त्याच कुलात कण्हेर आणि बिट्टी या जीवघेण्या विषारी वनस्पतीही आहेत.

शास्त्रीय नावाने प्रश्न सुटतो का?

बराच सुटतो, पण कुड्याच्या बाबतीत शास्त्रज्ञांनीही आधी गोंधळ वाढवून ठेवला आणि मग निस्तरला. शास्त्रीय नाव दोन शब्दांचे असते: पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या नातलगांच्या गटाचा, आणि दुसरा जातीचा, म्हणजे त्या गटातल्या एका विशिष्ट वनस्पतीचा. ही पद्धत कार्ल लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 साली पक्की केली.

त्याच्या आधीच, 1678 पासून, मलबारच्या वनस्पतींवरचा 'होर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ ॲमस्टरडॅममध्ये छापला जाऊ लागला होता. डच अधिकारी व्हान ऱ्हीडे याने इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांच्या आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोंकणी पंडितांच्या मदतीने तो तयार करवला. त्यातील चित्रांवर झाडांची नावे एकाहून अधिक लिप्यांत कोरलेली आहेत आणि नागरी ही त्यांतली एक आहे. आज आपण ज्या प्रश्नाशी झुंजतो आहोत तो त्यांनाही पडलेला होता, हे त्या चित्रांवरूनच दिसते. त्या ग्रंथात कुडा कोडगपाला या नावाने आला.

लिनियसने नेरियम अँटिडिसेंटेरिकम हे नाव दिले, त्याचा अर्थ अतिसार थांबवणारी कण्हेर. हे नाव देताना त्याच्यापुढे श्रीलंकेतली एक वनस्पती होती, आणि हवाला मात्र त्याने मलबारच्या कोडगपालाचाही दिला. दोन वेगळ्या वनस्पती एका नावाखाली आल्या. पुढे रॉबर्ट ब्राउनने विल्यम राइट या स्कॉटिश वैद्याच्या नावावरून रायटिया ही प्रजाती वेगळी केली. श्रीलंकेतली वनस्पती रायटिया अँटिडिसेंटेरिका झाली, आणि आपला कुडा होलऱ्हेना अँटिडिसेंटेरिका या नावाने दीडशेहून अधिक वर्षे पुस्तकांत वावरला. पण त्या दुसऱ्या शब्दाचा मूळ हक्क श्रीलंकेच्या झुडपाचा असल्याने कुड्याचे योग्य नाव आता होलऱ्हेना प्युबेसेन्स असे मानले जाते. प्युबेसेन्स म्हणजे लवदार. बाकीच्यांपैकी काळा कुडा तो रायटिया टिंक्टोरिया (पानांपासून निळा रंग निघतो म्हणून रंगाऱ्याचा), तांबडा कुडा तो रायटिया आर्बोरिया आणि नागलकुडा तो टॅबर्निमोंटाना अल्टर्निफोलिया.

माझ्या कुंडीतले बारमाही फुलणारे झुडूप म्हणजे तेच श्रीलंकेचे रायटिया अँटिडिसेंटेरिका, ज्याला बागकामाच्या बाजारात स्नोफ्लेक म्हणतात. तेव्हा रोपवाटिकेवर फार चिडण्यात अर्थ नव्हता. तिने लिनियसचीच चूक पावणेतीनशे वर्षांनी माझ्या गॅलरीत आणून ठेवली होती.

"पण शास्त्रीय नावेही बदलतातच की!"

हा आक्षेप रास्त आहे. पण शास्त्रीय नाव बदलते तेव्हा जुने नाव फेकून दिले जात नाही, त्याची अपरनाम म्हणून नोंद राहते. लग्नानंतर नाव बदलले तरी जुन्या कागदपत्रांचा माग लागतो, तसा हा माग कोणालाही काढता येतो. म्हणूनच भारताच्या आयुर्वेदिक औषधकोशात कुटज म्हणून होलऱ्हेना अँटिडिसेंटेरिका असे जुने नाव छापलेले असले, तरी कोणते झाड अभिप्रेत आहे याबद्दल संशय राहत नाही.

शास्त्रीय नाव हे वर्णन असते असेही समजू नये. नागलकुड्याच्या नावातील अल्टर्निफोलिया म्हणजे एकाआड एक पानांचा, आणि त्याची पाने तर समोरासमोर असतात! तरीही नाव बदलत नाहीत, कारण नावाचे काम बोट दाखवण्याचे आहे. आपल्याकडे गोऱ्यापान मुलीचे नाव कृष्णा असू शकते, तसेच हे.

"मोबाइलचे ॲप सांगतेच, मग एवढा खटाटोप कशाला?"

ॲप तुमच्या फोटोची लाखो फोटोंशी तुलना करून सर्वांत जवळचे वाटणारे नाव पुढे करते. फोटोत फुलाचा घसा, शेंगांची जोड आणि पानाची लव दिसत नसेल, तर ॲपलाही ती दिसत नाही, आणि पांढऱ्या पाच पाकळ्यांच्या फुलांची करवीर कुलात वाण नाही. मी ॲप वापरतो, पण त्याचे उत्तर साक्षीदाराच्या जबानीसारखे धरतो, निकालासारखे नव्हे. एका फोटोऐवजी घशाचा, पानाच्या खालच्या बाजूचा आणि शेंगेचा असे तीन फोटो दिले तर जबानी बरीच सुधारते.

"पाड्यावरच्या माणसांना हे सगळे न शिकता कळते"

कळते, आणि आपल्यापेक्षा चांगले कळते. मी त्या मावशींना हा कोणता कुडा असे विचारले, तेव्हा त्यांनी "भाजीचा" एवढेच उत्तर दिले. त्यांच्या दृष्टीने प्रश्न तेथे संपला, कारण त्यांनी झाड स्वतः पाहिलेले होते, पान, साल, शेंग, जागा आणि हंगाम यांसकट. अडचण त्यांच्या ज्ञानात नाही, ते ज्ञान येऊरहून जांभळी नाक्यापर्यंत येताना झाड मागे राहते आणि नाव तेवढे पुढे येते, यात आहे. ते पुढे व्हॉट्सॲपवर जाते तेव्हा तर "कुड्याची साल ताकात उगाळून घ्या" एवढेच उरते.

नाव चुकल्याने असे काय बिघडते?

कुड्याचे पाळ, म्हणजे मूळ, उगाळून जुलाबावर देण्याची रीत कोकणातल्या घरांत जुनी आहे, आणि कुटजारिष्ट व कुटजघनवटी ही आयुर्वेदातली परिचित औषधे आहेत. पांढऱ्या कुड्याच्या सालीत कोनेसीन नावाचे कडू द्रव्य असते. काळ्या कुड्याची साल दिसायला जवळची असल्याने ती पांढऱ्या कुड्याच्या सालीत मिसळली जाण्याची तक्रार औषधी व्यापारात फार जुनी आहे. बियांच्या बाबतीत व्यापाऱ्यांनी स्वतःच तोडगा काढला: पांढऱ्या कुड्याचा तो कडू इंद्रजव आणि काळ्या कुड्याचा तो गोड इंद्रजव. गोड म्हणजे साखरेसारखा नव्हे, पहिल्याइतका कडू नाही एवढेच. तेव्हा चिठ्ठीवर नुसते इंद्रजव लिहिलेले असेल, तर दुकानदाराला आणि वैद्यांना कोणता असे विचारलेच पाहिजे, आणि स्वतः रानातून साल आणून प्रयोग करू नये.

दुसरीकडे, काळा कुडा म्हणजे कमअस्सल कुडा असेही नाही. त्याच्या मऊ, हस्तिदंतासारख्या पांढऱ्या लाकडापासून परंपरेने कर्नाटकातील चन्नपट्टणाची रंगीत लाखकाम केलेली खेळणी घडवतात; तेथे त्या झाडाला हाले मर, म्हणजे दुधाचे झाड, असे म्हणतात. ज्या कामासाठी जे झाड हवे तेच मिळावे एवढाच मुद्दा आहे. सोसायटीत किंवा टेकडीवर देशी झाडे लावण्याचा उत्साह सध्या ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत दिसतो, तेथेही मागणी "कुडा" अशी केली तर रोपवाटिका हाताशी असेल ते देते. मागणीपत्रात मराठी नावाशेजारी शास्त्रीय नाव लिहिले, की परत पाठवण्याचा हक्क तरी राहतो.

मग एकच अधिकृत मराठी नाव का ठरवू नये?

ठरवायला हरकत नाही, पण मला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. कुडा, नागलकुडा, इंद्रजव ही नावे ज्या वापरातून आली तो वापर अजून चालू आहे, आणि समितीने ठरवले म्हणून मावशी भाजीच्या कुड्याला वेगळे नाव देणार नाहीत. शिवाय कोणते नाव कोठे चालते याला स्वतःचे मोल आहे. कुरची आणि कुटकप्पाला ही दोन नावे शेजारी ठेवली नसती, तर तो सगळा शब्दांचा गोतावळा मला दिसलाच नसता.

गॅलरीतल्या कुंडीवरची चिठ्ठी मी बदलली. गेल्या फेब्रुवारीत घोडबंदर रस्त्याच्या कडेला, उद्यानाच्या हद्दीबाहेर, एक वाळलेली शेंगांची जोडी पडलेली मिळाली. दोन्ही शेंगा सुट्या होत्या. घरी आणून कागदावर ठेवली, दुपारच्या उन्हात ती उकलली आणि आतल्या म्हाताऱ्या पंख्याच्या वाऱ्याने खोलीभर झाल्या. शेंगेत अडकून राहिलेल्या दोन-तीन बियांचे झुपके टोकाच्या दिशेला होते. त्यांतली एक बी शेजारच्या कुंडीत रुजली आहे. तिला अजून चारच पाने आहेत, समोरासमोर, आणि खालून हात लावला तर किंचित लवदार.